कर्जापायी तुरुंगात गेलेल्या लोहाराच्या पोराने अख्ख्या देशाच्या जमिनीखालचा नकाशा काढला होता

३१ ऑगस्ट १८१९. लंडनच्या किंग्ज बेंच तुरुंगातून पन्नास वर्षांचा एक माणूस बाहेर पडला. गुन्हा काय, तर घेतलेलं कर्ज फेडता आलं नाही. जवळपास अडीच महिने आत काढून तो घरी पोहोचला, तर घरावर जप्ती आलेली. बायको आणि भाच्याला घेऊन त्याने लंडन सोडलं.

या माणसाचं नाव विल्यम स्मिथ. चारच वर्षांपूर्वी त्याने इंग्लंड आणि वेल्सच्या जमिनीखाली कुठे कोणता खडक आहे, हे दाखवणारा नकाशा छापला होता. एवढ्या मोठ्या प्रदेशाचा इतका तपशीलवार भूवैज्ञानिक नकाशा त्याआधी कुणीच काढला नव्हता.

भूगर्भशास्त्राचं पुस्तक उघडलं की स्तर, जीवाश्म, नती, विभंग, विसंगती असे शब्द धडाधड अंगावर येतात. पाठ करायचे, पेपरात लिहायचे आणि विसरायचे, एवढाच त्यांचा उपयोग वाटतो. पण स्मिथचं आयुष्य पाहिलं तर लक्षात येतं की या प्रत्येक शब्दामागे खाणीत उतरलेला, कालवा खणणारा, दगड फोडणारा माणूस उभा आहे.

लोणी तोलायचा दगड

स्मिथचा जन्म २३ मार्च १७६९ चा. इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमधलं चर्चिल हे त्याचं गाव. वडील गावचे लोहार. विल्यम आठ वर्षांचा असताना ते वारले. पुढे शेतकरी काकाने त्याला सांभाळलं. शिक्षण गावच्या शाळेपुरतंच.

त्या भागात शेतात नांगरट केली की गोल, चपटे दगड वर यायचे. त्यांवर चांदणीसारखी पाच पाकळ्यांची नक्षी असायची. गवळणी हेच दगड लोणी तोलायला वजन म्हणून वापरायच्या. दुसऱ्या जातीचे छोटे, गोटीएवढे दगड पोरं खेळायला घ्यायची.

लोणी तोलायचे ते दगड म्हणजे समुद्रात राहणाऱ्या सी अर्चिन या प्राण्याचे अवशेष होते. गोट्यांसारखे दगड म्हणजे समुद्रातल्या शिंपल्यासारख्या जिवांची कवचं. अशा अवशेषांना जीवाश्म म्हणतात. प्राणी मेला की त्याच्यावर गाळ साचतो. मऊ भाग कुजून जातो, कवच किंवा हाड मागे राहतं. लाखो वर्षांत त्याची जागा खनिजं घेतात, नाहीतर त्याचा ठसा तरी दगडात उमटतो.

समुद्रापासून इतक्या दूर शेतात समुद्री जीव कसे आले, हा प्रश्न तेव्हाच्या अभ्यासकांना छळत होता. लहान विल्यम मात्र ते दगड नुसते गोळा करत होता.

खाणीत उतरल्यावर

अठराव्या वर्षी, म्हणजे १७८७ मध्ये, त्याला एडवर्ड वेब नावाच्या भूमापकाकडे मदतनिसाचं काम मिळालं. साखळी टाकून जमीन मोजायची, चढउतार नोंदवायचे, नकाशे काढायचे. १७९१ मध्ये कामानिमित्त तो सॉमरसेट परगण्यात गेला. हा कोळशाच्या खाणींचा भाग.

खाणीत उतरताना भिंतीवर खडकाचे पट्टे दिसायचे. आधी एका रंगाचा दगड, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. या प्रत्येक पट्ट्याला स्तर किंवा थर म्हणतात. नदी, तळं किंवा समुद्राच्या तळाशी वाळू, माती, चिखल, कवचांचा चुरा साचत जातो. वरच्या ओझ्याने तो दाबला जातो, घट्ट होतो आणि त्याचा गाळाचा खडक बनतो. वाळूपासून वालुकाश्म, चिखलापासून शेल, कवचांच्या चुऱ्यापासून चुनखडक.

आता गाळ साचतो तो खालून वर. म्हणजे थरांची मांडामांड झाली नसेल, तर सगळ्यात खालचा थर सगळ्यात जुना. हा नियम स्टेनो नावाच्या डॅनिश अभ्यासकाने १६६९ मध्ये, स्मिथच्या जन्माच्या बरोब्बर शंभर वर्षं आधी मांडला होता.

सॉमरसेटच्या खाणकामगारांना आपापल्या खाणीतले थर पाठ होते. पण वरच्या लाल मातीत काही क्रम असतो, असं त्यांना वाटत नव्हतं. स्मिथने मोजमापं घेतली आणि त्याला दोन गोष्टी दिसल्या.

पहिली, कोळशाचे थर तिरपे कललेले होते. थर आडव्या पातळीशी जितका कोन करतो, त्याला नती म्हणतात. दुसरी, त्या तिरप्या थरांवर लाल खडकाचे थर मात्र जवळपास आडवे होते. म्हणजे आधी कोळशाचे थर साचले, मग ते कलले, त्यांचा वरचा भाग झिजून गेला आणि बऱ्याच काळाने त्यावर नवा गाळ बसला. दोन खडकांमधल्या अशा तुटलेल्या सांध्याला विसंगती म्हणतात. दिसायला ती एक रेघ असते, पण त्या रेघेत कोट्यवधी वर्षं हरवलेली असतात.

खाणकामगारांचा खरा शत्रू वेगळाच होता. कोळशाचा थर सलग चालता चालता मध्येच गायब व्हायचा. पलीकडे खणलं तर तोच थर कित्येक फूट वर किंवा खाली सापडायचा. जमिनीला भेग पडून तिच्या दोन बाजू एकमेकींपासून सरकल्या की असं होतं. हा विभंग. आपण भूकंपाच्या बातम्यांमध्ये ज्याला फॉल्ट म्हणतो, तो हाच.

कालव्याने दिलेलं उत्तर

खाणीतला कोळसा स्वस्तात बाहेर न्यायला कालवा हवा होता. सॉमरसेट कोल कॅनॉलच्या पाहणीचं काम स्मिथकडे आलं. १७९४ मध्ये कंपनीने त्याला इतर कालवे बघायला इंग्लंडच्या उत्तर भागात पाठवलं. घोडागाडीतून शेकडो मैलांचा प्रवास झाला. बाकीचे कालवे बघत होते, स्मिथ डोंगरांचे आकार आणि मातीचे रंग बघत होता. सॉमरसेटचे थर पुढेही त्याच क्रमाने सापडतात का, हे त्याला ताडून पाहायचं होतं. क्रम जुळत होता.

कालव्याचं खोदकाम सुरू झालं आणि मैलोन्मैल जमीन कापली गेली. थर पूर्वेकडे हलकेच कललेले दिसले. कलती मांडलेली भाकऱ्यांची चळत डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक भाकरीची फक्त कड वर दिसते, बाकीची पुढच्या भाकरीखाली झाकलेली असते. जमिनीतही तसंच. थराची जी कड पृष्ठभागावर उघडी पडते, तिला दृश्यांश म्हणतात.

कालवा खणणाऱ्याला हे समजणं गरजेचं होतं, कारण चिकणमातीचा थर पाणी धरतो आणि भेगाळ चुनखडक ते गिळून टाकतो. चुकीच्या थरावर कालवा गेला तर पैसा पाण्यात.

पण एक अडचण होती. दोन वेगवेगळ्या काळांतले चुनखडक किंवा चिकणमाती दिसायला अगदी सारखी असू शकते. मग हा थर कोणता, हे ओळखायचं कसं?

जानेवारी १७९६ मध्ये, डंकर्टन गावातल्या स्वान इन या खाणावळीत मुक्कामाला असताना स्मिथने याचं उत्तर कागदावर उतरवलं. प्रत्येक थरात ठरावीक जीवाश्म असतात. खालच्या थरातले जीव वरच्या थरात दिसत नाहीत, वरचे खाली सापडत नाहीत. दगड सारखा दिसला तरी त्यातले जीवाश्म फसवत नाहीत. ज्या जीवाश्मावरून थराचा काळ ओळखता येतो, त्याला आज सूचक जीवाश्म म्हणतात. थरांचा क्रम आणि काळ लावण्याचं शास्त्र म्हणजे स्तरविज्ञान.

हे जीव थरागणिक का बदलतात, याचं उत्तर स्मिथकडे नव्हतं. डार्विनचा ग्रंथ यायला अजून ६० हून अधिक वर्षं होती. पण कारण माहीत नसतानाही क्रम वापरता येत होता. पुढे पॅरिसच्या परिसरात कुव्हिए आणि ब्राँनियार या फ्रेंच अभ्यासकांनाही जीवाश्मांचा असाच क्रम सापडला.

छापलं नाही, म्हणून हातातून गेलं

१७९९ मध्ये कालवा कंपनीने स्मिथला कामावरून काढलं. त्याच वर्षी जूनमध्ये बाथ शहरात दोन पाद्री मित्रांसमोर त्याने बाथच्या आसपासच्या २३ थरांची यादी क्रमाने सांगितली. वर चॉक, खाली कोळसा, आणि मधल्या थरांत कोणते जीवाश्म मिळतात तेही. मित्रांनी ती लिहून घेतली. तिच्या नकला हातोहात फिरल्या, पण छापून काही आलं नाही.

पुढची सोळा वर्षं स्मिथ पाणथळ जमिनींचा निचरा, पाण्याचे झरे, खाणी यांवर सल्ला देत देशभर हिंडला. वर्षाला हजारो मैल प्रवास. काळा शेल दिसला की त्याखाली कोळसा असणार, या आशेने पैसे घालणाऱ्या जमीनदारांना तो सांगायचा की हा थर कोळशाच्या कितीतरी वरचा आहे, खणू नका. जे मिळायचं ते नकाशाच्या कामात जायचं.

इकडे १८०७ मध्ये लंडनमध्ये जिऑलॉजिकल सोसायटी स्थापन झाली. तिच्यात बहुतेक मंडळी पैसेवाली, शिकलेली, उमराव घरांत ऊठबस असलेली. लोहाराचा मुलगा, पोटासाठी जमिनी मोजणारा स्मिथ त्यांच्यात बसणारा नव्हता. त्याला सदस्य करून घेतलं गेलं नाही. सोसायटीचे पहिले अध्यक्ष जॉर्ज ग्रीनो स्वतः त्याच्या घरी येऊन त्याचा संग्रह पाहून गेले. त्यानंतर सोसायटीने स्वतःच्या नकाशाची तयारी सुरू केली.

१८१५ मध्ये स्मिथचा नकाशा आला. १५ भागांत छापलेला, जोडला की सुमारे साडेआठ फूट उंच आणि सहा फूट रुंद. एका इंचाला पाच मैल हे प्रमाण. प्रत्येक खडकाला वेगळा रंग, आणि तो रंग थराच्या तळाशी गडद, वर फिकट होत जाणारा. त्यामुळे कोणता थर कोणाखाली जातो, ते बघताक्षणी कळायचं. रंग हाताने भरलेले. अशा सुमारे ४०० प्रती निघाल्या.

पैसा मात्र आला नाही. बाथजवळची त्याची दगडखाण बुडाली, कारण तिथला दगड निकृष्ट निघाला. ज्याने देशभरच्या जमिनी ओळखल्या, त्याला स्वतःच्या खाणीतल्या दगडाने दगा दिला. त्याने आयुष्यभर जमवलेले दोन हजारांवर जीवाश्म ब्रिटिश म्युझियमला सुमारे ७०० पौंडांना विकले. तेही पुरले नाहीत. जून १८१९ मध्ये तो तुरुंगात गेला. पुढच्याच वर्षी ग्रीनो यांचा नकाशा बाजारात आला. त्यात स्मिथची बरीचशी माहिती होती, पण त्याला श्रेय नव्हतं.

उशिरा का होईना

लंडन सोडल्यावर स्मिथने इंग्लंडच्या उत्तर भागात, मुख्यतः यॉर्कशायरमध्ये मिळेल ते काम केलं, व्याख्यानं दिली. स्कारबरोमध्ये १८२९ साली उघडलेलं गोलाकार रोटुंडा संग्रहालय त्याच्या कल्पनेतून उभं राहिलं. त्यात जीवाश्म थरांच्या क्रमाने मांडलेले होते.

दरम्यान सोसायटीत नवी पिढी आली. १८३१ मध्ये तिने वोलास्टन पदकाचा पहिला मान स्मिथला दिला. अध्यक्ष ॲडम सेजविक यांनी इंग्लंडच्या भूगर्भशास्त्राचं जनकत्व जाहीरपणे त्याच्या नावावर केलं. सरकारने वर्षाला १०० पौंडांचं निवृत्तिवेतन सुरू केलं. २८ ऑगस्ट १८३९ रोजी बर्मिंगहॅमला एका विज्ञान परिषदेला जाताना वाटेत नॉर्थॅम्प्टन इथे त्याचं निधन झालं.

लंडन सोडताना सोबत असलेला तो भाचा म्हणजे जॉन फिलिप्स. अनाथ झालेल्या या मुलाला स्मिथनेच वाढवलं होतं. १८४१ मध्ये त्याने मामाचीच पद्धत वापरून जीवाश्मांच्या आधारे पृथ्वीच्या इतिहासाचे तीन मोठे भाग मांडले. तेच आजचे पुराजीव, मध्यजीव आणि नवजीव महाकल्प.

सह्याद्रीत हेच नियम

फिलिप्स पुढे डब्लिनला प्राध्यापक झाला. त्याच्यानंतर त्या जागी आले थॉमस ओल्डहॅम. हेच ओल्डहॅम १८५१ मध्ये कलकत्त्याला आले आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे प्रमुख झाले. इथेही सुरुवातीचं मोठं काम होतं कोळसा शोधण्याचं.

महाराष्ट्रात घाटातून जाताना डोंगराला जे आडवे पट्टे दिसतात, ते मात्र गाळाचे नाहीत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पुन्हा पुन्हा वाहिलेला लाव्हा थंड होऊन ते बनले. तो बेसॉल्ट, म्हणजे अग्निजन्य खडक. तरी खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हा नियम इथेही लागू होतो. दोन उद्रेकांमध्ये मोठा खंड पडला की काही ठिकाणी तळी साचायची आणि त्यांत गाळ बसायचा. नागपूर परिसरात अशा मधल्या थरांत गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे आणि वनस्पतींचे जीवाश्म मिळाले आहेत. लाव्हाच्या दोन थरांमध्ये किती काळ गेला, तेव्हा इथे काय जगत होतं, हे त्यांवरून शोधता येतं.

आणि ग्रीनो यांच्या नकाशाचं काय झालं? १८६५ मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली. तेव्हा ग्रीनोही हयात नव्हते आणि स्मिथला जाऊन २६ वर्षं झाली होती. पण हा नकाशा विल्यम स्मिथच्या १८१५ च्या नकाशावर आधारलेला आहे, असं त्या आवृत्तीवर छापलं गेलं.