हिंगणघाटला विसावलेला मोजणीदार

लांबच्या गाडीने गावी जाताना स्टेशनची पिवळी पाटी आपण सगळेच पाहतो. नावाखाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. आपण ती वाचतो आणि चहावाल्याला हाक मारतो. पण आशियातलं, किंबहुना जगातलं सर्वांत उंच शिखर ज्या कामामुळे मोजता आलं, त्या कामाचा पाया घालणारा माणूस आपल्या महाराष्ट्रात, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला चिरविश्रांती घेतोय, हे किती जणांना ठाऊक आहे?

त्याचं नाव विल्यम लॅम्बटन. यॉर्कशायरमधल्या साध्या शेतकरी घरातला मुलगा. गणिताची आवड दांडगी. सैन्यात भरती होऊन तो अमेरिकेत लढला, कैदही झाला. पुढे हिंदुस्थानात आला. 1799 च्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत रात्रीच्या अंधारात फौज चुकीच्या दिशेने चालली आहे, हे त्याने नुसत्या ताऱ्यांवरून ओळखलं!

10 एप्रिल 1802 रोजी मद्रासजवळ त्याने मोजणी सुरू केली. शंभर फुटी पोलादी साखळीने साडेसात मैलांची एक सरळ रेषा मोजायला त्याला 57 दिवस लागले. उन्हाने साखळी वाढते, म्हणून जोडीला तापमापक ठेवलेले. एवढा खटाटोप कशासाठी? कारण पुढचं सगळं त्या एका रेषेवर उभं राहणार होतं.

पद्धत आपल्या गच्चीवरून समजून घेऊ. समोर मलंगगड दिसतोय असं धरा. आपल्या आणि दूरच्या दुसऱ्या इमारतीच्या गच्चीतलं अंतर नीट मोजा. दोन्ही गच्च्यांवरून गडाकडे पाहून कोन मोजा. झाला त्रिकोण! गडाचं अंतर गणिताने निघतं. मग मान किती वर करावी लागते तो कोन मोजला, की उंचीही निघते. एक त्रिकोण झाला की त्याच्या बाजूवर दुसरा, त्यावर तिसरा. मात्र अंतर फार असेल तर पृथ्वीची गोलाई आणि हवेत वाकणारा प्रकाश यांचा हिशेब धरावाच लागतो.

कोन मोजायचं त्याचं यंत्र, थिओडोलाइट, अर्ध्या टनाचं. 1808 साली तंजावरच्या मंदिरावर चढवताना दोर तुटला आणि यंत्र आपटलं. दुसरा कोणी कपाळाला हात लावून बसला असता. लॅम्बटनने सहा आठवडे खपून, छोट्या हातोडीने ठोकून ठोकून ते स्वतः सरळ केलं.

असा वीस वर्षं तो मोजत राहिला. रान, ताप, पाऊस, सगळं सोसलं. वय सत्तरीच्या आसपास, छाती खोकल्याने पोखरलेली. तरी मुक्काम नागपूरला हलवायला निघाला. वाटेत हिंगणघाटला, 20 जानेवारी 1823 रोजी, त्याने प्राण सोडला. ज्या हिमालयाकडे त्याची रेषा चालली होती, तिथवर काही तो पोचला नाही.

पुढचं काम त्याचा मदतनीस जॉर्ज एव्हरेस्टने हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेलं. नेपाळमध्ये शिरायला परवानगी नव्हती, म्हणून दीडशेहून अधिक किलोमीटरवरून, तराईच्या सपाटीवरून शिखरांचे कोन घेतले गेले. 1852 च्या सुमारास राधानाथ सिकदर या बंगाली गणितज्ञाच्या आकडेमोडीतून पंधराव्या क्रमांकाचं शिखर सर्वांत उंच ठरलं: 29,002 फूट, म्हणजे सुमारे 8,840 मीटर. 2020 साली नेपाळ आणि चीनने उपग्रहांच्या मदतीने जाहीर केलेली उंची 8,848.86 मीटर. फरक जेमतेम तीन मजल्यांचा!

1865 साली शिखराला नाव मिळालं ते एव्हरेस्टचं. खुद्द एव्हरेस्टची त्याला हरकत होती. सिकदरांचं नाव मागे पडलं आणि लॅम्बटन तर हिंगणघाटच्या मातीतच राहिला.

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. आज आपण गच्चीवर दिवे लावतोय, फोटो काढतोय. पण पाया खणला जात असताना चिखलात उभे राहिलेले, पहिल्या सभेच्या सतरंज्या अंथरणारे काही जण आज आपल्यात नाहीत. उंची सगळ्यांना दिसते, पाया मात्र जमिनीखाली असतो. बल्लारशाहच्या गाडीने कधी गेलात, तर वर्ध्यानंतर हिंगणघाट लागेल. तिथली पिवळी पाटी दिसली की या मोजणीदाराची आठवण जरूर काढा.