काचेवरचे ठिपके मोजणारी हेन्रिएटा

मैत्रिणींनो, दिवाळीनंतर चंद्र नसलेल्या रात्री कधी डोक्यावर बघितलंय? आपल्या नाशकात दिव्यांच्या झगमगाटात फारसं दिसत नाही. पण त्र्यंबकच्या पुढे अंधारात गेलात (घरच्यांना घेऊनच जा हं), तर एक पुसट, धुरकट ठिपका दिसतो. ती देवयानी दीर्घिका. ती किती लांब आहे हे कळलं, ते हेन्रिएटा लेविटमुळे. मला तिच्याविषयी फार आपुलकी वाटते.

हेन्रिएटाचा जन्म १८६८ मधला, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचा. कॉलेज झालं, मग आजारपण आलं आणि हळूहळू ऐकू येणं जवळजवळ बंदच झालं. हार्वर्डच्या वेधशाळेत ती आधी बिनपगारी, मग तासाला ३० सेंटवर काम करू लागली. रात्री दुर्बिणीवर बसायचे पुरुष. बायकांनी दिवसा काचेवरच्या फोटोंतले ठिपके तपासायचे. तांदूळ निवडण्याइतकंच चिकाटीचं काम! मॅजेलनच्या मेघांत तिने कमीजास्त उजळणारे १,७७७ तारे शोधले.

त्यांतले २५ तारे घेऊन १९१२ मध्ये तिने दाखवलं, की जो तारा सावकाश लुकलुकतो तो मुळातच जास्त तेजस्वी असतो. सगळे एकाच मेघातले, म्हणजे आपल्यापासून साधारण सारख्याच अंतरावर. म्हणून तुलना खरी. बल्ब किती वॅटचा ते ठाऊक असलं, की तो किती मंद दिसतो यावरून अंतर काढता येतं, तसंच हे. निबंधावर सही मात्र संचालक पिकरिंग यांची, काम लेविटबाईंचं आहे एवढा उल्लेख आत. आणि पुढे तिला हाच धागा धरू द्यायचा, तर दुसरंच काम सोपवलं. मला याचा रागच येतो.

१९२१ च्या डिसेंबरमध्ये कर्करोगाने ती गेली. दोनच वर्षांनी हबलला देवयानीत तसाच तारा सापडला आणि हा ठिपका आपल्या आकाशगंगेच्या बाहेरची वेगळी दीर्घिका ठरला. आज हे अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं धरतात. अंतर कळलं म्हणूनच तिचा नकाशा मांडता आला: नागमोडी भुजांमध्ये वायू आणि धुळीचे ढग, त्यांत जन्मणारे निळे, तरुण तारे. नवे तारे सर्वांत जास्त घडतात ते केंद्रापासून सुमारे ३० हजार प्रकाशवर्षांवरच्या कड्यात.

१९२५ मध्ये स्वीडनच्या मिटाग-लेफलर या गणितज्ञाने तिला पत्र लिहिलं. नोबेलसाठी तिचं नाव सुचवायचं त्याच्या मनात होतं. ती गेल्याचं त्याला कुणी कळवलंच नव्हतं.