उत्तर देण्याचा गुन्हा

१६ ऑगस्ट २००८ रोजी मुंबईत समलिंगी आणि तृतीयपंथी नागरिकांचा मोर्चा ऑगस्ट क्रांती मैदानापासून गिरगाव चौपाटीपर्यंत निघाला. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ ही इंग्रजी राजवटीची देणगी असल्याने ब्रिटिश सरकारने त्याबद्दल माफी मागावी, ही मोर्चातील एक प्रमुख मागणी होती. या मोर्चावर, आणि पुढे दरवर्षी निघालेल्या मोर्चांवरही, समाजातून उमटणाऱ्या प्रतिक्रिया ठरावीक राहिल्या. हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, यामुळे तरुण पिढी बिघडेल, बंद दाराआडचे विषय असे चव्हाट्यावर आणू नयेत, असे आक्षेप घेतले गेले. मोर्चा जेथे संपला त्या चौपाटीसमोर विल्सन कॉलेजची इमारत उभी आहे. या कॉलेजातील गणिताच्या एका प्राध्यापकाने हेच आक्षेप ऐंशी वर्षांपूर्वी ऐकले होते आणि त्यापायी नोकरी गमावली होती. रघुनाथ धोंडो कर्वे हे त्यांचे नाव.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणातील मुरूड येथे झाला. विधवाविवाह आणि स्त्रीशिक्षण यांसाठी आयुष्य वेचणारे महर्षी अण्णासाहेब कर्वे हे त्यांचे वडील. आई राधाबाई १८९१ मध्ये निवर्तल्या, तेव्हा रघुनाथ नऊ वर्षांचे होते. पुढे दोनच वर्षांनी अण्णासाहेबांनी विधवेशी पुनर्विवाह केला आणि समाजाचा बहिष्कार ओढवून घेतला. रूढीविरुद्ध वागले की कोणती किंमत मोजावी लागते, याचा धडा मुलाला घरातच मिळाला. मात्र वडिलांची सुधारणा लोकांना हळूहळू पचत गेली आणि अखेरीस त्यांच्या वाट्याला भारतरत्न आले. मुलाने हाती घेतलेला विषय समाजाला तसा पचणारा नव्हता.

विद्यार्थी म्हणून रघुनाथराव असामान्य होते. १८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले. फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेऊन ते गणिताच्या अध्यापनाकडे वळले आणि उच्च शिक्षणासाठी पॅरिसलाही जाऊन आले. लैंगिक शिक्षण आणि संततिनियमन हेच आपले जीवितकार्य, अशी त्यांची धारणा झाली होती. १९२१ मध्ये त्यांनी गिरगावात संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र उघडले होते. पुढे ‘संततिनियमन : आचार आणि विचार’ हे पुस्तक निघाले. मिशनरी कॉलेजच्या चालकांना प्राध्यापकाचा हा प्रचार रुचला नाही. प्रचार किंवा नोकरी, असा प्रश्न उभा राहिला तेव्हा १९२५ मध्ये रघुनाथरावांनी नोकरी सोडली.

या निर्णयाची खरी झळ सोसली ती पत्नी मालतीबाईंनी. दोघांनी विचारपूर्वक मूल न होऊ देण्याचे ठरवले होते आणि रघुनाथरावांनी स्वतःवर नसबंदीची शस्त्रक्रिया करून घेतली होती. जे लोकांना सांगायचे ते आधी स्वतः आचरायचे, हा त्यांचा बाणा होता. पण नोकरी गेल्यावरची ओढगस्त, शेजाऱ्यापाजाऱ्यांची कुजबुज आणि नातलगांची नाराजी यांना मालतीबाईंनाच अधिक तोंड द्यावे लागले. त्या पाठीशी उभ्या राहिल्या नसत्या, तर पुढचे काम उभे राहते ना.

जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक निघाले. लेखन, संपादन, मुद्रिते तपासणे, अंक टपालात टाकणे अशी बहुतेक कामे रघुनाथराव एकहाती करीत. मासिकाच्या मुखपृष्ठावर स्त्रीचे विवस्त्र चित्र असे. शरीराची लाज बाळगू नये, ही भूमिका त्यामागे होती, परंतु तेवढ्यावरूनच अनेक घरांत तो अंक लपवून ठेवावा लागे. मासिकाचे मोल मात्र होते ते वाचकांच्या प्रश्नोत्तरांत. वैद्याला विचारण्याची लाज, वडीलधाऱ्यांसमोर तोंड उघडण्याची चोरी आणि पुस्तकांत माहिती नाही, अशा कोंडीत सापडलेली माणसे पत्रे लिहीत. गुप्तरोग, हस्तमैथुन, गर्भधारणेची भीती, समलिंगी आकर्षण असे सारे विषय त्यांत येत. रघुनाथराव गणिताच्या शिक्षकाला शोभेल अशा कोरड्या, नेमक्या भाषेत उत्तरे देत. ती पापपुण्याच्या हिशेबाने नव्हे, तर वैद्यकशास्त्राच्या आणि बुद्धीच्या कसोटीवर दिलेली असत. ज्या वर्तनाने दुसऱ्या कोणाची हानी होत नाही ते नीतीच्या नावाखाली निंद्य ठरवू नये, हे त्यांच्या साऱ्या लेखनाचे सूत्र होते.

ही उत्तरेच पुढे गुन्हा ठरली. १९३१ मध्ये व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा पहिला खटला झाला आणि त्यांना १०० रुपये दंड झाला. १९३४ मध्ये त्यांना पुन्हा अटक झाली. या वेळी आक्षेप होता तो वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर. त्यांचे वकीलपत्र घेतले बॅरिस्टर बाबासाहेब आंबेडकर यांनी.

गोलमेज परिषदा आणि पुणे करार यांमुळे बाबासाहेबांचे नाव तेव्हा देशभर गाजत होते. अस्पृश्यतेविरुद्धचा लढा ऐन भरात असताना अशा बदनाम विषयाला हात घालणे राजकीयदृष्ट्या गैरसोयीचेच होते. तरीही ते उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यानेच लिखाण अश्लील ठरत नाही, असा त्यांचा पहिला मुद्दा होता. विकृत प्रश्न छापण्याचे कारणच काय, या आक्षेपाला त्यांनी असे उत्तर दिले की, विकृती असेल तर ती ज्ञानानेच दूर होईल, आणि वाचक विचारतो तेव्हा जाणकाराने उत्तर दिलेच पाहिजे. समलिंगी प्रवृत्तीच्या संदर्भात त्यांनी इंग्रज संशोधक हॅवलॉक एलिस यांच्या अभ्यासाचा आधार घेतला. ज्यांची ओढ जन्मतःच तशी आहे त्यांनी आपल्या परीने सुख शोधण्यात गैर काही नाही, अशी मांडणी त्यांनी केली. समलिंगी आकर्षणावरील एलिस यांचे पुस्तक विकल्याबद्दल १८९८ मध्ये खुद्द लंडनमध्ये खटला झाला होता. बर्लिनमध्ये माग्नुस हिर्शफेल्ड यांची लैंगिक विज्ञानाची संस्था १९३३ च्या मे महिन्यात नाझींनी लुटली आणि तिच्या ग्रंथसंग्रहाची होळी केली. त्याला वर्षही लोटले नव्हते तोच मुंबईच्या न्यायालयात हा युक्तिवाद झाला, हे विसरून चालणार नाही.

खटला हरला. रघुनाथरावांना २०० रुपये दंड झाला. आधीच ओढगस्तीत असलेल्या संपादकाला ही रक्कम थोडी नव्हती. परंतु मासिक थांबले नाही आणि वकिलानेही विषय सोडला नाही. १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव बाबासाहेबांच्या पक्षातर्फे मांडला गेला. तोही फेटाळला गेला. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथरावांचे निधन झाले, तेव्हा महर्षी कर्वे हयात होते. त्यापाठोपाठ सत्तावीस वर्षे चाललेले ‘समाजस्वास्थ्य’ही बंद पडले.

रघुनाथराव समलिंगींच्या चळवळीचे पुढारी नव्हते. तशी चळवळच तेव्हा येथे नव्हती. त्यांचा मुख्य लढा स्त्रीला नको असलेल्या बाळंतपणातून सोडवण्यासाठी होता. तरीही आजच्या मोर्चांशी त्यांचे नाते आहे, कारण त्यांनी दंड भरला तो एका साध्या हक्कासाठी. शरीराविषयीचा प्रश्न उघडपणे विचारता यावा आणि त्याला खरे उत्तर मिळावे, हा तो हक्क होता. १९९० मध्ये मुंबईत ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगींचे नियतकालिक निघाले. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या हमसफर ट्रस्टने उपनगरात, सांताक्रूझ पूर्वेला वाकोला येथे, महापालिकेच्या इमारतीत आपले केंद्र थाटले. घरी आणि डॉक्टरांकडे जे बोलता येत नाही ते बोलण्याची जागा तेथे मिळाली. गिरगावातल्या प्रश्नोत्तरांचे काम अशा रीतीने पश्चिम रेल्वेच्या मार्गाने उपनगरात पोचले.

कायद्याची वाट मात्र वळणावळणांचीच राहिली. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींमधील संमतीच्या संबंधांना कलम ३७७ मधून वगळले. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने असे संबंध गुन्ह्यातून कायमचे मुक्त केले. विवाहाचा हक्क मात्र ऑक्टोबर २०२३ च्या निकालातही मिळाला नाही. वर्तमान समजुतीविरुद्ध जाणाऱ्याची फरफट चुकत नाही, हे यावरूनही दिसते.

दरम्यान मराठी समाजाने रघुनाथरावांना उशिरा का होईना, जवळ केले. २००१ मध्ये अमोल पालेकर यांनी त्यांच्यावर ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट काढला. २०१७ मध्ये अजित दळवी यांनी लिहिलेले आणि अतुल पेठे यांनी दिग्दर्शित केलेले ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक रंगभूमीवर आले आणि त्यात हे खटले पुन्हा उभे राहिले. ज्याला हयातीत अश्लील म्हटले, त्याच्या नावाने टाळ्या वाजवणे सोपे असते. आज जो अप्रिय प्रश्न विचारतो आहे त्याला कोणती वागणूक मिळते, यावरच तो आदर कितपत खरा, हे ठरेल. अंधेरीच्या किंवा मुलुंडच्या एखाद्या घरात एखादा मुलगा किंवा मुलगी आईवडिलांना असा प्रश्न विचारण्याचा धीर करते, तेव्हा त्या घरासमोर १९३४ चाच खटला उभा राहतो. उत्तर द्यायचे की विचारणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवायचे, हा निवाडा त्या वेळी घरातल्या माणसांनाच करावा लागतो.