आईच्या डोळ्यांनी

शाळेला उशीर झाला की तुम्ही सायकल जोरात चालवता आणि फाटक जवळ येताच ब्रेक दाबता. ब्रेक लवकर दाबला, तर वेळ वाया जातो. उशिरा दाबला, तर सायकल फाटकाच्या पुढे जाते. मग ब्रेक नेमका केव्हा दाबावा? अशा प्रश्नांचे गणित एका अंध माणसाने मांडले. त्यांचे नाव लेव्ह पोंत्र्यागिन.

लेव्हचा जन्म ३ सप्टेंबर १९०८ रोजी रशियातील मॉस्को शहरात झाला. घरची परिस्थिती बेताची होती. आई तात्याना शिवणकाम करून संसाराला हातभार लावी. लेव्ह चौदा वर्षांचा असताना घरात स्टोव्हचा स्फोट झाला आणि त्याची दृष्टी कायमची गेली. विचार करा, तो तुमच्याच वयाचा होता!

आईने मात्र हिंमत सोडली नाही. ती त्याला पुस्तके वाचून दाखवू लागली. तिला गणित येत नव्हते. चिन्हांची नावेही तिला माहीत नव्हती. म्हणून चिन्ह जसे दिसे, तसे ती सांगे. एखाद्याच्या शेपट्या वर, तर एखाद्याच्या खाली! लेव्ह ऐकत असे आणि मनातच गणित सोडवत असे. १९२५ साली त्याला मॉस्को विद्यापीठात प्रवेश मिळाला. १९३५ साली तो तेथेच प्राध्यापक झाला.

१९५० नंतर इंजिनिअर लोक यंत्रांचे प्रश्न घेऊन पोंत्र्यागिन यांच्याकडे येऊ लागले. सर्वो मोटारचे उदाहरण घ्या. ही मोटार यंत्राचा भाग हव्या त्या जागी फिरवून तेथेच थांबवते. हे काम कमीत कमी वेळात कसे व्हावे? आधी पूर्ण जोराने पुढे फिरवावे, मग योग्य क्षणी विजेची दिशा बदलून पूर्ण जोराने उलट ओढावे. घर्षण नसेल, तर तो क्षण बरोबर अर्ध्या वाटेवर येतो. घर्षण असेल, तर थोडा पुढे सरकतो. अवघड यंत्रांतही असा क्षण शोधता यावा, म्हणून पोंत्र्यागिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली एक नियम मांडला. त्याला महत्तम तत्त्व म्हणतात. १९६१ साली त्यावर चौघांचे पुस्तक निघाले. १९६२ साली त्यांना लेनिन पारितोषिक मिळाले. ३ मे १९८८ रोजी पोंत्र्यागिन यांचे निधन झाले.

मित्रांनो, त्या पुस्तकाच्या लेखकांत तात्याना यांचे नाव नाही. तुमच्या आईलाही कदाचित तुमचा धडा समजत नसेल. तरी तुम्ही अभ्यास करता तेव्हा ती जवळ बसते. तिची कदर करा.