थॉमस स्टीफन्स

फादर थॉमस स्टीफन्स (इ.स. १५४९च्या सुमारास – इ.स. १६१९) हे इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मगुरू, मराठी कवी आणि कोंकणी भाषेचे व्याकरणकार होते. *क्रिस्तपुराण* या मराठी महाकाव्याचे कर्ते म्हणून ते ओळखले जातात. भारतात दीर्घकाळ वास्तव्य केलेले पहिले ज्ञात इंग्रज म्हणूनही त्यांचा उल्लेख होतो. इ.स. १५७९मध्ये गोव्यात आल्यानंतर सुमारे चाळीस वर्षे, म्हणजे मृत्यूपर्यंत, ते तेथेच राहिले.

== पूर्वायुष्य ==
स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. त्यांचे वडील लंडनमधील व्यापारी होते. राणी पहिल्या एलिझाबेथच्या राजवटीत कॅथलिक पंथीयांवर कठोर निर्बंध होते. स्टीफन्स यांचे कॅथलिक मित्र थॉमस पाउंड यांना तुरुंगवास घडला. स्टीफन्स मात्र देश सोडून रोमला पोहोचले आणि इ.स. १५७५मध्ये जेझुइट संघात दाखल झाले. पुढे त्यांनी पूर्वेकडील धर्मकार्यासाठी जाण्याची अनुमती मिळवली. त्या काळी भारताचा सागरी मार्ग पोर्तुगिजांच्या ताब्यात असल्याने लिस्बनहून निघणाऱ्या पोर्तुगीज ताफ्यातून जाणे क्रमप्राप्त होते.

== समुद्रप्रवास ==
४ एप्रिल १५७९ रोजी पाच जहाजांच्या ताफ्यातून स्टीफन्स लिस्बनहून निघाले. गोव्यास पोहोचल्यावर १० नोव्हेंबर १५७९ रोजी त्यांनी वडिलांना लिहिलेल्या इंग्रजी पत्रात या प्रवासाचा तपशील आढळतो. मदेइराजवळ एका इंग्रज जहाजाशी त्यांची चकमक झाली. गिनीच्या किनाऱ्यालगत वारा पडल्यामुळे आणि असह्य उकाड्यामुळे प्रवास रेंगाळला. उडणारे मासे, शार्क व त्याच्यासोबत पोहणारे लहान मासे यांचे वर्णन त्यांनी केले आहे. उत्तर-दक्षिण स्थान आकाशातील ज्योतींवरून कळते, परंतु पूर्व-पश्चिम स्थान ठरवण्याचे खात्रीचे साधन नसल्याने नावाडी पक्षी, समुद्रातील वनस्पती अशा खुणांवर विसंबतात, असे निरीक्षणही त्यांनी नोंदवले.

जुलैच्या अखेरीस ताफा केप ऑफ गुड होपजवळ आला. तेथे जहाज किनाऱ्यावर आदळण्याच्या बेतात होते; वारा बदलल्याने ते बचावले. उशीर झाल्यामुळे मोझांबिकला थांबून ताजे पाणी व अन्न घेण्याचा मार्ग सोडावा लागला आणि जहाज मादागास्करच्या बाहेरून निघाले. या टप्प्यात प्रवाशांच्या हिरड्या व पाय सुजू लागले. ही लक्षणे स्कर्व्हीची होत. दीडशेहून अधिक जण आजारी पडले आणि सत्तावीस जण दगावले. सागरी प्रवाहांमुळे दिशा चुकून जहाज भारताऐवजी सोकोत्रा बेटाच्या परिसरात गेले. अखेर २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्यास पोहोचले.

== गोव्यातील सुरुवातीची वर्षे ==
इ.स. १५१०पासून पोर्तुगिजांच्या ताब्यात असलेले गोवा शहर त्यांच्या पूर्वेकडील साम्राज्याची राजधानी होते. स्टीफन्स यांनी तेथे धर्मशास्त्राचे शिक्षण घेतले. इ.स. १५८०मध्ये त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. त्यानंतर त्यांचे बहुतेक आयुष्य साष्टी प्रांतात गेले.

साष्टीतील वातावरण तणावाचे होते. इ.स. १५६७मध्ये तेथील देवळे पाडण्यात आली होती. जुलै १५८३मध्ये कुंकळ्ळी येथे ग्रामस्थांच्या प्रतिकारात रुदोल्फ आक्वाविवा यांच्यासह पाच जेझुइट मारले गेले. त्यांचे मृतदेह मिळवून दफनविधी करण्याच्या कामी स्टीफन्स यांचा पुढाकार होता. या घटनेनंतर पोर्तुगिजांनी गावातील प्रमुखांना असोळणे येथील किल्ल्यात बोलावून ठार मारले.

त्याच वर्षी राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आदी इंग्रज प्रवाशांना होर्मुझ येथे अटक करून गोव्यात आणण्यात आले. त्यांची जामिनावर सुटका होण्यास स्टीफन्स यांनी साहाय्य केले.

== भाषाध्ययन व ग्रंथरचना ==
२४ ऑक्टोबर १५८३ रोजी, गोव्यात येऊन बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, त्यांनी भावाला लॅटिनमध्ये पत्र लिहिले. येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिनशी मिळतीजुळती असल्याचे त्यांनी त्यात नमूद केले. युरोपीय व भारतीय भाषांमधील साम्याची ही आरंभीच्या नोंदींपैकी एक मानली जाते.

* क्रिस्तपुराण – इ.स. १६१६मध्ये राचोल येथे प्रथम मुद्रित. पहिले पुराण बायबलच्या जुन्या करारावर, तर दुसरे पुराण ख्रिस्तचरित्रावर आधारित आहे. ओव्यांची संख्या सुमारे अकरा हजार आहे. स्टीफन्स यांना स्थानिक लिपीचे खिळे असलेला छापखाना हवा होता; तो न मिळाल्याने ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला.
* दौत्रिन क्रिस्तां – कोंकणीतील प्रश्नोत्तररूप धर्मपुस्तक. मृत्यूनंतर इ.स. १६२२मध्ये प्रकाशित.
* आर्त द लिंग्व कानारी – कोंकणीचे व्याकरण. इ.स. १६४०मध्ये राचोल येथे मुद्रित. भारतीय भाषेचे हे आरंभीच्या मुद्रित व्याकरणांपैकी एक आहे.

पैठणचे संत एकनाथ हे स्टीफन्स यांचे समकालीन होते. मराठी संतकवींच्या परंपरेतील ओवी हाच छंद स्टीफन्स यांनी ख्रिस्ती विषयासाठी स्वीकारला. नवख्रिस्ती लोकांच्या पूर्वीच्या पुराणग्रंथांवर बंदी आल्याने निर्माण झालेली उणीव भरून काढणे, हा या रचनेमागील एक हेतू होता. क्रिस्तपुराणातील मराठीवर कोंकणीची छाप असून त्यात मराठी भाषेचे गौरवपर वर्णनही आहे.

== मृत्यू व वारसा ==
इ.स. १६१९मध्ये स्टीफन्स यांचे गोव्यात निधन झाले. इ.स. १६४९ आणि १६५४मध्ये क्रिस्तपुराणाचे पुनर्मुद्रण झाले. इ.स. १९०७मध्ये जोसेफ सालढाणा यांनी मंगळूर येथून त्याची नवी आवृत्ती प्रसिद्ध केली आणि इ.स. १९५६मध्ये शांताराम बंडेलू यांच्या संपादनाखाली देवनागरी आवृत्ती निघाली. गोव्यातील थॉमस स्टीफन्स कोंकणी केंद्र ही संशोधनसंस्था त्यांच्या नावाने कार्यरत आहे.