बाळासोबत आईलाही तपासणारा डॉक्टर

डॉ. डोनाल्ड विनिकॉट यांचा जन्म १८९६ मध्ये इंग्लंडमधील प्लिमथ या बंदराच्या शहरात झाला. वडील व्यापारी होते, शहराचे महापौरही झाले. घरात दोन थोरल्या बहिणी होत्या आणि कशाचीच ददात नव्हती. आई मात्र खिन्न असे. वयाच्या ६७ व्या वर्षी विनिकॉट यांनी एक कविता लिहिली. तिच्यात रडणारी आई आहे आणि तिला हसवणे हेच आपले काम मानणारा मुलगा आहे.

१९२० मध्ये ते डॉक्टर झाले आणि १९२३ मध्ये लंडनच्या पॅडिंग्टन ग्रीन बालरुग्णालयात रुजू झाले. तिथे त्यांनी ४० वर्षे काढली. त्यांची तपासणी आई बाळाला घेऊन दारातून आत येतानाच सुरू होई. टेबलाच्या कडेवर जीभ दाबायची चकचकीत धातूची पट्टी ठेवलेली असे. पाच ते तेरा महिन्यांचे बाळ ती पाहून थबके, आईच्या आणि डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघे आणि मग धीर करून पट्टी तोंडात घाले. एखादे झडप घाली, एखादे आईच्या कुशीत तोंड लपवी. आईने मध्ये पडायचे नाही, एवढाच नियम. या साध्या खेळातून बाळाचा स्वभाव आणि मायलेकरांचे नाते दोन्ही दिसत. त्यावरचा त्यांचा निबंध १९४१ चा आहे.

एकटे बाळ अशी काही गोष्टच नसते. बाळ म्हटले की त्याला सांभाळणारे कुणीतरी आलेच, असे ते मानत. आईचा चेहरा हा बाळाचा पहिला आरसा. आईच खिन्न असेल, तर बाळाला तिथे स्वतःऐवजी तिची मनःस्थिती दिसते आणि ते तिच्या मनाचा अंदाज घेत जगू लागते. अशी काही मुले अतिशय शहाणी, हसरी वाटतात. आईला सावरण्याचे काम त्यांनी अंगावर घेतलेले असते. हे विनिकॉट यांना केवळ रुग्णांकडून कळले नसावे.

तरीही त्यांनी आयांना दोष दिला नाही, हे महत्त्वाचे. १९४९ च्या एका निबंधात त्यांनी आईला स्वतःच्या बाळाचा राग का येतो, याची अठरा कारणे दिली. बाळ स्तनाग्रे दुखवते, तिला मोलकरणीसारखे राबवते, सकाळभर छळून बाहेर परक्याकडे पाहून हसते. असा राग मनात येणे आणि तो बाळावर न काढणे, दोन्ही आईपणातच येते. आई परिपूर्ण नको, पुरेशी चांगली असली की झाले. बीबीसीवरील भाषणांतून ते हेच साध्या शब्दांत सांगत. आईने बाळ सांभाळायचे तर आईला नवऱ्याने, घराने सांभाळायला हवे, हा त्यांचा आग्रह होता. आपल्याकडे बाळंतिणीला डिंकाचे लाडू मिळतात; तिच्या मनाची चौकशी क्वचितच होते.

विनिकॉट यांना स्वतःचे मूल नव्हते. जानेवारी १९७१ मध्ये लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. बाळंतिणीचे नैराश्य ओळखणारी दहा प्रश्नांची एडिंबरा प्रश्नावली १९८७ मध्ये आली. पुढे डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातील एका रुग्णालयात बाळंतिणींचा अभ्यास केला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के बाळंतिणींना नैराश्य आढळले. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी होणे यांचा त्यात वाटा होता.