चांदी, मीठ आणि तपकिरी धूर

पिंगुळीतल्या एखाद्या विहिरीवरच्या पंपाचा जुना स्टार्टर भंगारात निघाला, की त्याच्या कॉन्टॅक्ट पॉइंटवर पांढरट टिकल्या दिसतात. त्या बहुधा चांदीच्या मिश्रधातूच्या असतात. नायट्रिक आम्लात त्या विरघळतात. त्या द्रावणात मिठाचे पाणी पडले की फाटलेल्या दुधासारखा पांढरा साका खाली बसतो. त्या साक्यातून चांदी परत मिळते. फावल्या वेळात हा उद्योग करणारे हौशी लोक जगभर आहेत. मीठ आणि चांदीचे हे नाते काटेकोर मोजमापात बसवले ते झोझेफ लुई गे-ल्युसॅक यांनी.

त्यांचा जन्म ६ डिसेंबर १७७८ रोजी मध्य फ्रान्समध्ये झाला. राज्यक्रांतीच्या धामधुमीत वडिलांना अटक झाली, शिक्षण रखडले. तरी १७९७ मध्ये पॅरिसच्या नामांकित एकोल पोलितेक्निकमध्ये त्यांना प्रवेश मिळाला. १८०४ मध्ये बलूनमधून एकटेच सात हजार मीटर उंचीवर जाऊन त्यांनी तिथली हवा बाटलीत भरून आणली. कापडाच्या दुकानात काउंटरखाली रसायनशास्त्राचे पुस्तक ठेवून वाचणाऱ्या मुलीशी त्यांनी लग्न केले, असे सांगतात. १८०८ मध्ये पोटॅशियमवर काम करताना स्फोट झाला आणि डोळ्यांना इजा झाली. दृष्टी पूर्ववत झाली नाही, काम मात्र थांबले नाही.

१८२९ मध्ये ते पॅरिसच्या टांकसाळीत मुख्य पारखी झाले. तोवर चांदीचा कस पाहायला ती शिशाबरोबर हाडांच्या राखेच्या वाटीत तापवत. थोडी चांदी राखेत मुरे, थोडी वाफेबरोबर जाई, आणि कस खरा असे त्याहून कमी भरे. नाण्यांच्या व्यवहारात ही लहान चूक नव्हती. आपल्याकडच्या १८३५ च्या रुपयात १८० ग्रेनपैकी १६५ ग्रेन शुद्ध चांदी असे. हजारात चार-पाच भागांचा फरक लाखो नाण्यांवर केवढा होईल! गे-ल्युसॅक यांनी चांदी आम्लात विरघळवली, ठरावीक ताकदीचे मिठाचे पाणी मोजून घातले आणि नवा साका बनायचे थांबले तिथे हात आवरला. मीठ किती लागले, त्यावरून चांदी किती ते कळे. साका काय, शिरोड्याच्या मिठागरातल्या मिठानेही बसला असता. हिशेबासाठी मात्र शुद्ध मीठच हवे.

आम्लात धातू विरघळताना जो तपकिरी धूर निघतो, त्याच्याशीही त्यांचे नाव जोडलेले आहे. गंधकाम्लाच्या कारखान्यांतून हेच वायू हवेत सुटत. १८२७ मध्ये त्यांनी त्यावर मनोरा सुचवला: आत कोकचे तुकडे, वरून झिरपणारे गंधकाम्ल, आणि खालून येणारा धूर त्यातच शोषला जाई. हेतू लोकांच्या फुप्फुसांचा नव्हता, महागड्या सोऱ्याची बचत करण्याचा होता. पहिला मनोरा उभा राहायला १८४२ उजाडले. ९ मे १८५० रोजी ते वारले.

घरच्या पडवीत असा मनोरा नसतो. हा धूर छातीत गेला तर सुरुवातीला नुसता खोकला येतो, माणूस जेवून झोपतोही. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसांत पाणी भरून जीवावर बेतते. अशा वेळी बरे वाटत असले तरी लगेच डॉक्टरांकडे जावे. शिवाय बऱ्याच जुन्या कॉन्टॅक्टमध्ये चांदीबरोबर मूत्रपिंडांना घातक असलेले कॅडमियम असते. मिठाने चांदी खाली बसते, कॅडमियम मात्र वरच्या पाण्यातच राहते. ते पाणी परसात ओतले, तर सच्छिद्र जांभ्यातून विहिरीपर्यंत पोचू शकते.